सारस दूर, मरळ हातात

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात नागरा येतं. जुन्या शिवमंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या जत्रेमुळे हे गाव साऱ्या परिसराला ठाऊक आहे. शहराला अगदी खेटून असलं तरी गावाबाहेर पडताच धानाच्या बांध्या आणि बोड्या, म्हणजे छोटे तलाव, सुरू होतात. इथल्या एका घरात कॅमेरा घ्यायचा आहे. पैसे एकाच कॅमेऱ्याचे आणि मतं दोन. मामा सुटीच्या दिवशी गळ घेऊन तलावावर बसणारे, तर भाची पाखरं आणि पाणथळी टिपत फिरणारी. त्यांचं बोलणं इथे मांडतो आहे, कारण दुकानात मेगापिक्सेल आणि झूम यापलीकडे कोणी काही विचारत नाही. तलावांच्या या जिल्ह्यात मात्र विचारण्यासारखं पुष्कळ आहे.

मामा : तू मले एवढंच सांग, पाण्याजवळ गेल्यावर माझे हात कुठं असतात? एका हातात गळाची काडी. दुसऱ्या हातात कधी दोर, कधी मासा, कधी नुसता चिखल. तुझा तो भलामोठा कॅमेरा मी धरू कशानं? मले खिशात मावणारा, पाण्यात पडला तरी चालणारा पाहिजे. ओलिम्पसचा टफ होता ना, तसला.

भाची : तोच कॅमेरा आता ओएम सिस्टमच्या नावानं येतो, टीजी-7. 2023 साली आला. पंधरा मीटर खोल पाण्यात चालतो, हे खरं. पण मामा, आपल्या बोडीत पंधरा मीटर पाणी आहे का? आणि असलं तरी पावसाळ्यात त्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही. गढूळ पाण्यात फ्लॅश मारला तर प्रत्येक कणावरून उजेड परततो आणि फोटोत नुसते पांढरे ठिपके येतात. मग पाण्याखालच्या कॅमेऱ्याचे पैसे कशाला?

मामा : पाण्याखालचा फोटो मागतं कोण? मले ओला झाला तर बंद न पडणारा पाहिजे. डोंग्यात पाणी येते, बोटं मासळीनं बरबटलेली असतात, वरून सर येते. काम झालं की कॅमेरा नळाखाली धरून धुता आला पाहिजे.

मामांचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. जलरोधक कॅमेऱ्याची जाहिरात नेहमी निळ्याशार समुद्रात पोहणाऱ्या माणसाची असते, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला तो आपल्या कामाचा वाटतच नाही. त्याचा खरा उपयोग चिखलाचा आहे. एक काळजी मात्र घ्यावी लागते. हे कॅमेरे पाण्यावर तरंगत नाहीत. डोंग्यातून निसटला की सरळ गाळात जातो, म्हणून त्याला फुगीर तरंगता पट्टा बांधायचा. बॅटरीच्या झाकणाची रबरी कड दरवेळी पुसून बघायची, कारण वाळूचा एक कण किंवा एखादा केस तिथे अडकला तरी पाणी आत शिरतं.

भाची : मग फोन काय वाईट? माझा फोन आयपी68 आहे.

मामा : तो आकडा प्रयोगशाळेतला. स्वच्छ, स्थिर पाण्यात, किती खोल आणि किती वेळ ते कंपनीनं ठरवलेलं. दोन वर्षं वापरला, दोनदा पडला, एकदा काच बदलली, तर आतलं रबर तसंच राहिलं असंल काय? अन् पाणी गेलं तर वॉरंटीत बसत नाही म्हणतात ते वेगळंच. मग घरचे लोक काय करतात? तांदळात ठेवतात!

भाची : तांदळाच्या जिल्ह्यात आणखी काय करणार? पण ते करू नये, हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. 2024 साली ॲपलनंही तेच सांगितलं. तांदळाचा भुगा चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतो. फोन बंद करायचा, भोक खाली करून हलकेच झटकायचा आणि हवेशीर जागी वाळू द्यायचा. लगेच चार्जिंगला लावायचा नाही.

इथपर्यंत दोघांचं जमतं. खरा वाद सुरू होतो तो भाचीच्या कॅमेऱ्यावरून. तिला निकॉनचा कूलपिक्स पी950 हवा आहे. त्याची दूरची नजर फिल्मच्या जुन्या हिशेबानं 2000 मिलिमीटर भिंगाएवढी. याआधीचा पी900 2015 साली आला आणि पाखरं पाहणाऱ्या हौशी लोकांत घरोघरी पोचला. चंद्रावरचे खड्डे हातात धरलेल्या कॅमेऱ्यानं टिपता येतात, याचं लोकांना अप्रूप वाटलं. ते मलाही वाटतं.

भाची : सारस कुठे दिसतो आपल्याकडे? बांधीत. आणि पावसाळ्यात तिथेच घरटं करतो. महाराष्ट्रात तो उरला आहे मुख्यतः गोंदियात. भंडारा-चंद्रपुरात अगदी तुरळक. घरट्यात बहुतेक दोनच अंडी, आणि ती उबवायला महिनाभर. मी छोटा कॅमेरा घेऊन जवळ गेले तर जोडी उठून जाईल. अंडी उघडी पडली की कावळे आहेत, कुत्री आहेत. मामा, लांबून टिपता येणं ही माझी चैन नाही. त्या पाखरासाठी ते गरजेचं आहे.

मामा : हे बरोबर बोललीस. पण लांबून म्हणजे किती लांबून? पाळीवरून?

भाची : शंभर मीटर धरा.

इथे मला थांबून हिशेब मांडावासा वाटतो, कारण दुकानदार तो कधीच मांडत नाही. फिल्मची चौकट 36 मिलिमीटर रुंद आणि 24 मिलिमीटर उंच. भिंग 2000 मिलिमीटरचं असेल तर शंभर मीटरवर त्या चौकटीत उंचीनं फक्त 1.2 मीटर मावतात. सारस उभा राहिला की दीड मीटरच्या वर जातो; उडणाऱ्या पाखरांत जगात सगळ्यात उंच तोच. म्हणजे कॅमेरा आडवा धरला तर सारसाचं डोकं किंवा पाय कापले जाणार. उभा धरला तर जेमतेम मावेल. साध्या अदलाबदलीच्या भिंगाच्या कॅमेऱ्यावर 70 ते 300 चं भिंग लावलं तर त्याची पोच होते साधारण 450. तेवढ्याच अंतरावर त्यात उंचीनं पाच मीटरांहून जास्त मावतात. सारस येतो, त्याच्या पायाखालची बांधी येते, जोडीदार येतो आणि पलीकडच्या धुऱ्यावर निंदण करणाऱ्या बायाही येतात. सारसासाठी 2000 हा आकडा अंगापेक्षा मोठा आहे. तो लागतो खंड्यासाठी, किंवा नवेगावबांधच्या तलावात मधोमध बसलेल्या हिवाळी बदकांसाठी.

भाची : पण मग बदकांचं काय? नवेगावबांधचं पाणी केवढं पसरलेलं आहे! काठावरून ती ठिपक्यांएवढी दिसतात.

मामा : दिसू दे ना ठिपके. एका तलावात हजार ठिपके बसले आहेत, हाच तर त्या तलावाचा फोटो. तुले प्रत्येक बदकाच्या डोळ्यात चमक कायले पाहिजे?

भाची : ओळखायला! कोणतं बदक आहे ते सांगता आलं नाही तर माझी नोंद कोण धरणार? पाणथळीतल्या पाखरांची मोजणी होते तेव्हा "पुष्कळ बदकं होती" असं लिहून चालत नाही, मामा.

भाचीच्या या उत्तरानं मी माझं मत थोडं बदललं. सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो यांत मी नेहमी सुंदर फोटोकडे झुकत आलो. पण गोंदियात सारसांची मोजणी वर्षानुवर्षं स्थानिक तरुण आणि शेतकरी करत आले आहेत. त्यांना मान कुठे राखाडी, पिल्लाचं डोकं अजून तांबूस आहे की लाल झालं, हे बघावं लागतं. त्या कामात मोठा झूम लागतो आणि त्याचा धूसर, दाणेदार फोटोही पुरावा म्हणून पुरतो. तेव्हा मोठा झूम निरुपयोगी आहे, असं मी म्हणणार नाही. आपल्याला मोजायचं आहे की दाखवायचं आहे, हे मात्र आधी ठरवायला हवं.

मामा : अन् तुझा तो झूम चालतो किती वाजेपर्यंत? ऊन चढलं की बांधीवरून वाफ उठते. शंभर मीटरच्या पलीकडे सगळं थरथरते. अन् पहाटे तर धुकं. मी पहाटेच जातो, मासा पहाटेच खातो.

भाची : हं, पहाट ही माझी अडचण आहे, मान्य. पण ती तुमच्या टफचीही आहे, हे तुम्हाला माहीत नसेल. दोन्ही कॅमेऱ्यांतला उजेड टिपणारा सेन्सर एकाच मापाचा आहे, करंगळीच्या नखाहून लहान.

हे तिनं अचूक सांगितलं. दोन्हींचा सेन्सर साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा. अदलाबदलीच्या भिंगाच्या नेहमीच्या मधल्या कॅमेऱ्यात तो 23.5 बाय 15.6 असतो, म्हणजे क्षेत्रफळानं सुमारे तेरापट. पहाटेच्या उजेडात तलावावरचं धुकं, त्यातली करडी निळाई आणि पलीकडच्या मोहाच्या झाडाची सावली नीट यायची असेल तर या तेरापटीसारखा उपाय नाही. भिंगातही फरक पडतो. टफचं भिंग रुंद नजरेला एफ 2 पर्यंत उघडतं. झूमवाल्याचं पूर्ण लांबवल्यावर एफ 6.5 वर येतं. म्हणजे छोट्या टफमध्ये त्या क्षणी दहापट उजेड जास्त शिरतो. भाचीला हे ऐकून वाईट वाटलं, पण सूर्योदयाआधी झाडावरून उठणारा बगळ्यांचा थवा टिपायला गेलेल्या माणसाला हे आपोआपच कळतं. फोनमधला रात्रीचा मोड अनेक फोटो एकावर एक रचून काम चालवतो. स्थिर तलावासाठी तो छान, उडत्या पाखरासाठी कुचकामी.

मामा : मले एक सांग, माशाचा फोटो कसा काढावा? माझे सगळे फोटो सारखेच. मी हसतो आहे अन् हातात मरळ लोंबते आहे.

भाची : आधी सांगा, तो मासा सोडायचा आहे की घरी आणायचा?

मामा : मोठा असला तर घरी. लहान असला तर सोडतो.

भाची : मग सोडायच्या माशाला कोरड्या हातानं धरायचं नाही. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. हात ओले करायचे, मासा आडवा आणि पाण्यालगत धरायचा, दोन फोटो काढायचे आणि सोडायचा. मरळ वरची हवा घेते म्हणून तग धरते. रोहूचं तसं नाही. आणि यासाठी तुमचाच कॅमेरा बरा, मामा. एका हातात मावणारा, ओल्या बोटांनी चालणारा. यात मी हरले.

मामा : हरली कायची, लहान माशांचं पण सांग ना. ते कोण टिपते?

मला या लेखात सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते या लहान माशांबद्दल. भंडारा-गोंदियाचे तलाव कोहळी समाजानं बांधले. पाळ कुठे घालायची, जादा पाणी सलंगावरून कसं जाऊ द्यायचं, खालच्या शेताला तुडुमातून किती सोडायचं, हे त्यांचं शास्त्र. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि मासेमारी सहकारी संस्थांच्या ठेक्यांत गेली. रोहू, कटला, मृगल यांचं बीज सोडणं वाढलं. काटवा, वाघूर, दाडक आणि नावं घ्यायलाही आता म्हातारा माणूस शोधावा लागेल असे कितीतरी गावठी मासे मागे पडले. बेशरमीची झुडपं काठ गिळत गेली. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या माणसांनी आणि बायांनी मनीष राजनकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांसोबत काही तलावांतून बेशरम उपटली, गावठी पाणवनस्पती परत लावल्या आणि मासे परतताना पाहिले. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्या ज्ञानाला चित्रांची जोड मिळाली तर केवढं मोठं काम होईल!

आणि ते काम करायला खिशातला कॅमेरा पुरेसा आहे. टीजी-7 भिंगापासून सेंटीमीटरभर अंतरावरची वस्तूही स्पष्ट टिपतो. उथळ पांढऱ्या ताटात थोडं पाणी घ्यायचं, मासा आडवा ठेवायचा, डोकं डावीकडे. शेजारी मोजपट्टी. पाठीवरचा आणि शेपटीजवळचा पर पसरलेला दिसला पाहिजे, कारण ओळख तिथेच असते. फ्लॅश नको, खवले चमकतात. झाडाच्या सावलीत काढायचा. रंग जिवंतपणी असतात तसे मेल्यावर राहत नाहीत, म्हणून ताबडतोब काढायचा. खाली तलावाचं नाव, महिना आणि स्थानिक नाव लिहायचं. असे फोटो एका तलावाचे पाच-सात वर्षं जमले तर तो तलाव सुधारतो आहे की बिघडतो आहे, हे सांगायला बाहेरच्या तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाही.

भाची : मग माझं निसर्गचित्र? तलावाचा देखावा?

मामा : त्याले कॅमेरा नाही, चष्मा लागते. हा पाहा माझा. हा घातला की पाण्यावरची चमक जाते अन् खालचा मासा दिसतो.

भाची : मामा, यालाच पोलरायझर म्हणतात! माझ्या कॅमेऱ्यावर तोच फिल्टर लागतो.

मामांचा गॉगल आणि भाचीचा फिल्टर एकच शास्त्र वापरतात. पाण्यावरून परतणारा उजेड एका ठरावीक कोनात जवळजवळ एकाच दिशेनं थरथरणारा असतो. पृष्ठभागापासून साधारण 37 अंशांवर बघितलं तर हा परिणाम सगळ्यात जास्त. फिल्टर फिरवला की तो उजेड अडतो आणि कमळाचे देठ, शिंगाड्याची पानं, तळचा गाळ दिसू लागतो. आकाशही गडद होतं, पण सूर्य खांद्याच्या बाजूला असेल तेव्हाच. बदल्यात दीड-दोन टप्पे उजेड जातो, त्यामुळे पहाटे तो काढून ठेवायचा. कोणाकडे फिल्टर नसेल तर असा गॉगल फोनच्या भिंगापुढे धरून बघावा, काम होतं. माझं स्पष्ट मत असं की तलावाच्या देखाव्यासाठी नवा महागडा कॅमेरा घेण्याआधी हा एक फिल्टर घ्यावा. आपल्या तलावांचं सौंदर्य वरच्या चमकेत जितकं आहे त्याहून जास्त त्या चमकेखाली आहे.

लेखक व्यंकटेश माडगूळकर इथल्याच नागझिऱ्याच्या जंगलात राहिले, लिहीत राहिले आणि रेखाटनं करत राहिले. किरण पुरंदरे त्याच जंगलात 400 दिवस राहिले. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या पाखरांसाठी अनेक वर्षं दिली. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. या तिघांचा आधार मुख्यतः वही आणि वेळ होता. ते आठवून कॅमेरा घेऊच नये, असं मी म्हणत नाही. पण एका जागी तासभर बसायची ज्याची तयारी आहे त्याचं 300 मिलिमीटरमध्ये भागतं. गळ टाकणाऱ्या मामांकडे ती तयारी आहे, हे भाचीनंही मान्य केलं.

भाची : मग ठरवा. माझं म्हणणं आता असं आहे : जुना, वापरलेला, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि 70-300 चं भिंग. नव्या झूमवाल्याच्या पैशात बसतं. तुमच्यासाठी फोनला जलरोधक पिशवी.

मामा : पिशवीतून फोटो धुरकट येते. अन् ओल्या बोटानं पडदा चालत नाही. शिवाय वापरलेल्या भिंगाची मले भीती आहे. पावसाळ्यात आपल्या घरात पापडाले बुरशी येते, काचेले नाही येणार?

भाची : येते. म्हणून विकत घेताना भिंगातून टॉर्च मारून बघायचा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर घ्यायचं नाही. आणि घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायचं, महिन्याला ते गरम करून वाळवायचं.

मामा : हे तू करशील?

भाची : मी नागपूरला गेले की तुम्ही कराल.

मामा : मग कॅमेरा माझ्या मताचा.

यावर बराच वेळ दोघंही अडून राहिले. मला विचाराल तर ज्याच्या घरी कॅमेरा वर्षभर राहणार, त्याच्या हाताला तो बसला पाहिजे; म्हणून पहिला कॅमेरा मामांचा, आणि भिंगवाला पुढच्या वर्षी. पण भाची मला याबद्दल माफ करणार नाही, आणि सारसाच्या बाबतीत तिची बाजू माझ्याहून भक्कम आहे.

मामा : बरं, भिंग आलं की सारसाचा फोटो कुठून काढशील?

भाची : पाळीवरून. बांधीत उतरणार नाही. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय धुऱ्यावरही नाही. आणि त्या फोटोत विजेची तार आली तर मी ती कापणार नाही.

मामा : काहून? तार चांगली दिसत नाही.

भाची : त्या तारांना धडकून सारस मरतात, मामा. कोणत्या बांधीवरून कोणती तार जाते आणि तिच्याखाली कोणती जोडी चरते, हे फोटोत दिसलं तर वीजवाल्यांपुढे ठेवता येईल. तुमच्या त्या टफमध्ये जीपीएस आहे. तारेच्या फोटोला तो चालू ठेवा, जागा आपोआप नोंदली जाईल. घरट्याच्या फोटोला मात्र बंद. फोनमध्येही बंद. नाहीतर फोटो कोणाला पाठवला की घरट्याचा पत्ताही त्याच्यासोबत जातो.

मामा : अन् माशाच्या फोटोले?

भाची : चालू. पण आधी मासेमारी संस्थेला विचारा. तलाव त्यांच्या ठेक्याचा आहे, कुठे काय लागतं ते गावभर करायचं की नाही, ते ढिवर ठरवतील.

मामा : ते मी उद्याच विचारतो. गळ टाकायची परवानगी त्यांचीच आहे, फोटोची पण त्यांचीच घेऊ.